एम्सवर्थची कालवे : एका किनारी गावाच्या मैल्याचा इतिहास

१/ १० नोव्हेंबर १९०२. दक्षिण इंग्लंडमधील विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांत एकाच दिवशी महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्ही ठिकाणचे पाहुणे मिळून अडीचशेहून अधिक होते. स्वयंपाकघरे वेगळी, वाढपी वेगळे, पाहुणेही वेगळे. तरीही पुढच्या काही दिवसांत दोन्ही शहरांतील मिळून शंभराहून अधिक पाहुणे आजारी पडले. कुणाला जुलाब आणि उलट्या झाल्या. काहींना दोन-तीन आठवड्यांनी विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, गाठले. आजचा धागा या मेजवान्यांविषयी आणि त्यांच्यामागे दडलेल्या एका गावच्या गटाराविषयी.

२/ मृतांमध्ये विंचेस्टर कॅथीड्रलचे डीन विल्यम रिचर्ड वुड स्टीफन्स होते. २२ डिसेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या नावाची ओळख असायला हरकत नाही. स्टीफन्स हे चर्चच्या इतिहासाचे अभ्यासक होते आणि इतिहासकार एडवर्ड फ्रीमन यांचे चरित्र त्यांनीच १८९५ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्या काळी विषमज्वरावर औषध नव्हते. रोग्याची शुश्रूषा करावी आणि वाट पाहावी, इतकेच वैद्याच्या हाती होते. विषमज्वरावर गुणकारी ठरलेले प्रतिजैविक त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने आले.

३/ दोन्ही मेजवान्यांना जोडणारा दुवा एकच निघाला : कालवे. (पाटबंधाऱ्यांचे कालवे नव्हेत, मंडळी! खडकाला चिकटलेली, दोन शिंपल्यांत मिटलेली, कोकणात आणि गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी कालवे.) विलायतेत ती कच्चीच खाण्याची पद्धत, त्यामुळे आगीवर जंतू मरण्याची शक्यताच नाही. आणि दोन्ही ठिकाणची कालवे आली होती एकाच गावाहून. त्या गावाचे नाव एम्सवर्थ.

४/ एम्सवर्थ हे हॅम्पशायर आणि ससेक्स या परगण्यांच्या सीमेवरचे लहानसे गाव. एम्स नावाची छोटी नदी येथे समुद्राला मिळते. हा समुद्र खुला नव्हे. चिचेस्टर हार्बर नावाच्या उथळ, फाट्याफाट्यांनी पसरलेल्या नैसर्गिक खाडीच्या एका फाट्याच्या टोकाशी हे गाव वसले आहे. खाडीचे मुख अरुंद. भरतीला पाणी गावाच्या धक्क्यापर्यंत चढते, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. ही भूरचना ध्यानात ठेवा, कारण पुढील सारी कथा तिच्यावरच उभी आहे.

५/ गावाचा व्यवसाय होता जहाजबांधणीचा आणि कालवांचा. इंग्लंडमध्ये कालवे एकेकाळी गरिबांचे खाणे होते. अतिमासेमारीने त्यांचे साठे आटले, भाव चढले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रतिष्ठितांच्या ताटात गेली. एम्सवर्थमधील या व्यापाराचा अग्रणी होता जे. डी. फॉस्टर. तो स्वतः जहाजे बांधी आणि कालवेही विकी. १९०१ मध्ये त्याने ‘एको’ नावाचे, शंभर फुटांहून लांब, शिडाचे मोठे जहाज बांधले. खोल समुद्रात जाऊन तळाशी जाळे ओढायचे आणि कालवे खरवडून आणायची, हे त्याचे काम.

६/ परंतु समुद्रातून आणलेली कालवे थेट बाजारात जात नसत. ती किनाऱ्यालगत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांधलेल्या तळ्यांमध्ये ठेवली जात. तेथे ती ताजी राहत, आणि मागणी आली की पोत्यांत भरून रेल्वेने रवाना होत. म्हणजे खोल, स्वच्छ पाण्यात वाढलेले कालव विक्रीपूर्वीचे शेवटचे दिवस गावाच्या अगदी जवळ काढी. तळी गावाजवळ असणे ही व्यापाराची सोय होती. गावाचे गटारही गावाजवळच समुद्राला मिळे, कारण तीही एक सोयच होती.

७/ आता गटाराकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा गावांतील मैला बहुधा परसातील खड्ड्यांत साठे आणि नंतर शेतात खत म्हणून जाई. १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवरील प्रसिद्ध अहवाल मांडला आणि घरातील घाण पाण्याबरोबर नळांतून वाहून न्यावी, हा विचार रुजला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक संस्थांवर मलनिःसारणाचे कर्तव्य टाकले. घरोघरी पाण्याचे संडास आले. पाणी वाढले, तसा मैल्याचा ओघ वाढला.

८/ येथे एक विसंगती आहे. स्वतः चॅडविक यांना हा मैला नदीत किंवा समुद्रात फेकायचा नव्हता. शहराकडे स्वच्छ पाणी यावे आणि शहराकडून शेताकडे खत जावे, असे रक्ताभिसरणासारखे चक्र त्यांच्या मनात होते. प्रत्यक्षात अर्धेच चक्र बांधले गेले. पाणी घरात आले, मैला घराबाहेर गेला, आणि जेथे उतार संपला तेथे, म्हणजे जवळच्या पाण्यात, तो सोडला गेला. इतिहासात अर्धवट अमलात आलेल्या योजनांचे परिणाम कधीकधी न आलेल्या योजनांपेक्षा गंभीर असतात.

९/ समुद्राबाबतचा युक्तिवाद साधा होता : एवढ्या अथांग पाण्यात एवढासा मैला काय करणार? खुल्या किनाऱ्यावर, खोल पाण्यात, जोरकस प्रवाहात या म्हणण्यात काही अंशी तथ्य आहे. पण अरुंद मुखाच्या खाडीत भरती-ओहोटी म्हणजे झोपाळा. ओहोटीबरोबर गेलेल्या पाण्याचा काही भाग पुढच्या भरतीबरोबर परत येतो. शिवाय ओहोटीच्या वेळी गटाराच्या तोंडाशी सौम्य करायला पाणीच नसते. मैला चिखलावरून पातळ ओहोळ होऊन वाहतो आणि वाटेत जे असेल त्यावरून जातो. एम्सवर्थमध्ये वाटेत कालवांची तळी होती.

१०/ आणि कालव हा काही साधा प्राणी नव्हे. ते जिवंत गाळणे आहे. ते कल्ल्यांवरून पाणी ओढते, त्यातील सूक्ष्म वनस्पती आणि कण अडवते, उरलेले पाणी बाहेर टाकते. अनुकूल परिस्थितीत एक मोठे कालव दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी गाळू शकते. स्वच्छ खाडीत ही कृपाच. मैला मिसळलेल्या खाडीत मात्र पाण्यात विरळ असलेले जंतू त्याच्या देहात साठत जातात. समुद्र जे पातळ करतो, ते कालव पुन्हा घट्ट करते. ‘अथांग पाणी’ या युक्तिवादाला निसर्गाने दिलेले हे उत्तर.

११/ मग हे कुणालाच ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, दुर्दैव तेथेच आहे. ऑक्टोबर १८९४ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात वेस्लियन विद्यापीठाच्या विद्यार्थी-मंडळांच्या मेजवान्यांनंतर वीसहून अधिक विद्यार्थ्यांना विषमज्वर झाला आणि चौघे दगावले. प्राध्यापक एच. डब्ल्यू. कॉन यांनी एकेक शक्यता तपासून बाद केली. उरली ती कच्ची कालवे. तीही विक्रीपूर्वी गोड्या पाण्याच्या प्रवाहात ठेवलेली, आणि जवळच्याच घरात विषमज्वराचे रुग्ण. आठ वर्षांनी इंग्लंडमध्ये जे घडले, त्याची ही जणू रंगीत तालीम होती.

१२/ इंग्लंडच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डानेही लगेच हालचाल केली. डॉ. एच. टिम्ब्रेल बुलस्ट्रोड यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या किनाऱ्यावरील कालवांच्या जागा फिरून पाहिल्या. त्यांचा अहवाल १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच चौकशीत जंतुशास्त्रज्ञ एडवर्ड क्लाइन यांनी प्रयोगांनी दाखवले की, विषमज्वराचे जंतू समुद्राच्या पाण्यात आणि कालवांच्या देहात अनेक दिवस तग धरू शकतात. (हेच क्लाइन १८८४ मध्ये पटकीच्या अभ्यासासाठी कलकत्त्याला आले होते.) म्हणजे धोका कळला होता, छापला गेला होता, शासनाच्या टेबलावर होता.

१३/ तरी काही झाले नाही, कारण कायद्यात भोक होते. नद्यांच्या प्रदूषणाविरुद्धचा १८७६ चा कायदा समुद्राला आणि भरतीच्या पाण्याला आपोआप लागू होत नसे; बोर्डाने विशेष आदेश काढून एखादा भाग त्यात समाविष्ट केला तरच होई. नदीकाठच्या गावाला मैला सोडताना निदान कायद्याचे भय होते. खाडीकाठच्या गावाला तेही नव्हते. कायद्याच्या नकाशावर किनारा ही शेवटची रेघ होती. त्या रेघेपलीकडे कोळी आणि कालवेवाले राहतात, हे नकाशा काढणाऱ्यांच्या गावी नव्हते.

१४/ १९०२ च्या मेजवान्यांनंतर चौकशीसाठी पुन्हा बुलस्ट्रोड आले. त्यांच्या तर्काची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. एकाच मेजवानीतील पाहुणे आजारी पडले असते, तर दूध, पाणी, वाढपी असे कुणावरही बोट ठेवता आले असते. येथे मात्र एकाच दिवशी, दोन शहरांत, दोन स्वतंत्र घटना होत्या. आणि दोहोंत सामायिक गोष्ट एकच. कुणी कालवे खाल्ली आणि कुणी नाही, याची पाहुण्यांच्या यादीशी पडताळणी झाली. आपण दोन स्वतंत्र साधने ताडून पाहतो, तसाच हा प्रकार. माग एम्सवर्थच्या तळ्यांपाशी आणि तेथून गटाराच्या तोंडापाशी पोचला.

१५/ परिणाम तत्काळ झाला. एम्सवर्थच्या कालवांची विक्री थांबली. ज्या नावावर माल विकला जाई, तेच नाव आता भयसूचक ठरले. नुकसान एकट्या फॉस्टरचे नव्हते. जाळी ओढणारे, तळी राखणारे, पोती भरणारे, होड्या दुरुस्त करणारे अशा साऱ्यांची चूल त्या तळ्यांवर पेटत होती. ‘एको’ जहाज बांधून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. गावाने आपले संडास स्वच्छ केले आणि आपलीच रोजी घाण केली, असे म्हणावे लागते. फरक इतकाच की, स्वच्छतेचा लाभ साऱ्या गावाला मिळाला आणि किंमत किनाऱ्यावरच्यांनी मोजली.

१६/ येथे गाव-परिषदेची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. वॉरब्लिंग्टन अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल ही १८९४ च्या कायद्यानंतर उभी राहिलेली लहान संस्था. शुद्धीकरणाची यंत्रणा महाग, करदाते थोडे. जुन्या गटारांचा वारसाही पूर्वीच्या यंत्रणेकडून आलेला. मलनिःसारण तर कायद्यानेच बंधनकारक. गटार बंद करावे तर घरांत रोगराई, चालू ठेवावे तर खाडीत. छोट्या वस्तीची ही कोंडी आजही तशीच आहे : मोठ्या शहराएवढीच जबाबदारी आणि त्याच्या शतांशही नसलेला खजिना.

१७/ फॉस्टरने परिषदेवर दावा लावला. ‘फॉस्टर विरुद्ध वॉरब्लिंग्टन’ हा खटला १९०६ मध्ये अपील न्यायालयात निकाली निघाला आणि आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. परिषदेचे बचाव मुख्यतः असे : मैला वाहून नेणे हे आमचे कर्तव्यच आहे, आम्ही वर्षानुवर्षे येथे मैला सोडत आलो आहोत, म्हणून तो आमचा वहिवाटीचा हक्क झाला, आणि तिसरा, सर्वांत धारदार बचाव असा की, फॉस्टरकडे त्या किनारपट्टीची मालकी सिद्ध करणारे कागदपत्रच नाहीत. जमीन ज्याची नाही, त्याला तक्रार करण्याचा अधिकार कोणता?

१८/ न्यायालयाने हे बचाव मान्य केले नाहीत. गटारे बांधण्याचे कर्तव्य म्हणजे दुसऱ्याला उपद्रव देण्याचा परवाना नव्हे. दीर्घकाळ चालत आलेला सार्वजनिक उपद्रव केवळ जुना झाला म्हणून हक्क ठरत नाही. आणि तिसऱ्या मुद्द्यावर न्यायाधीशांनी जे म्हटले, ते दूरगामी ठरले : फॉस्टरच्या ताब्यात ती तळी उघडपणे, बराच काळ, इतरांना वगळून होती. उपद्रव देणाऱ्या तिऱ्हाइताविरुद्ध दाद मागायला हा प्रत्यक्ष ताबा पुरेसा आहे. मालकीचा कागद दाखवा, असे त्रयस्थाने म्हणू नये.

१९/ याच सुमारास साउथएंड आणि फॅवरशॅम येथील नगरसंस्थांविरुद्धही कालवेवाल्यांचे दावे उभे राहिले. संसदेला जे जमले नव्हते, ते काही काळ न्यायालयांनी केले. पण न्यायालय झालेल्या नुकसानीचा हिशोब करते. गटार बांधून देत नाही. एम्सवर्थचा व्यापार पुन्हा मार्गी लागायला १९१४ साल उजाडले, तेही गटारांची व्यवस्था सुधारल्यावर. लगेच महायुद्ध आले. गावाचे पूर्वीचे वैभव काही परतले नाही. खटला जिंकूनही माणूस हरू शकतो, याचे हे उदाहरण.

२०/ इकडे मैल्याच्या प्रश्नावर १८९८ मध्ये नेमलेला राजकीय आयोग (रॉयल कमिशन) काम करीत होता. १९०४ च्या त्याच्या चौथ्या अहवालाचा विषयच होता भरतीच्या पाण्याचे प्रदूषण आणि शिंपले-कालवे. पुढे १९१२ च्या आठव्या अहवालाने जगभर गाजलेली ‘वीस-तीस’ची मोजपट्टी दिली : प्रक्रिया केलेल्या पाण्यात ऑक्सिजनची जैवरासायनिक मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि तरंगते घनकण ३० पेक्षा अधिक नसावेत. तेही नदीचे किमान आठपट पाणी मिसळणार असेल तर.

२१/ बीओडी म्हणजे काय? मैला कुजवताना पाण्यातील जिवाणू विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. पाच दिवसांत किती ऑक्सिजन खर्च होतो, यावरून पाण्याची घाण मोजायची, अशी ही रीत. पाचच दिवस का? ब्रिटनच्या नद्यांचे पाणी साधारण तितक्या दिवसांत समुद्राला पोचते म्हणून, असे सांगितले जाते. ही आख्यायिका असली तरी बोलकी आहे. तिच्यात गृहीत धरले आहे की, पाणी समुद्राला मिळाले की प्रश्न संपला. एम्सवर्थला प्रश्न नेमका तेथेच सुरू झाला होता.

२२/ या मोजपट्टीत आणखी एक उणीव होती. ती ऑक्सिजन मोजते. रोगजंतू मोजत नाही. वीस-तीसच्या कसोटीला उतरलेले, दिसायला नितळ पाणीही कालवांच्या तळ्यासाठी घातक असू शकते. नदीतील माशाला ऑक्सिजन हवा असतो, म्हणून त्याच्यासाठी ती मोजपट्टी योग्य. पण कालव खाणाऱ्या माणसाला जंतूंपासून संरक्षण हवे असते. डीन स्टीफन्स यांचा प्राण पाण्यात ऑक्सिजन कमी पडल्याने गेला नव्हता. कोणती गोष्ट मोजायची हे ठरवताना कुणाला वाचवायचे हेही आपण ठरवीत असतो.

२३/ तंत्रज्ञान मात्र झपाट्याने पुढे गेले. १८९० च्या दशकात एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरन यांनी सेप्टिक टाकी लोकप्रिय केली. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ पद्धत मांडली : मैलापाण्यात हवा खेळवायची, खाली बसणारा जिवाणूंनी भरलेला गाळ फेकायचा नाही, तो पुढच्या पाण्यात परत मिसळायचा. दह्याच्या विरजणासारखीच युक्ती ही. जगातील बहुसंख्य मोठी शुद्धीकरण केंद्रे आजही या तत्त्वावर चालतात.

२४/ या संशोधनाचा आपल्याशी थेट संबंध आहे. आर्डर्न-लॉकेट यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्याहीपूर्वी, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झालेल्या माटुंग्याच्या कुष्ठधामात मैलापाण्यावर टाकीत प्रक्रिया करण्याचे आणि त्यातून निघणारा वायू वापरण्याचे प्रयोग झाले. पालिकेचे ड्रेनेज अभियंता सी. सी. जेम्स यांनी या विषयावर ग्रंथही लिहिला. त्याच काळात मुंबई शहराचा मुख्य मैला मात्र वरळीच्या लव्ह ग्रोव्हवरून समुद्रात जात होता. प्रयोग लहान टाकीत, व्यवहार अथांग पाण्यात!

२५/ ब्रिटनमध्ये दुसरीही एक वाट निघाली. वेल्समधील कॉन्वी या छोट्या बंदरगावचे शिणाणे (मसल्स) असेच बदनाम झाले. तेथे डॉ. आर. डब्ल्यू. डॉजसन यांनी पाण्याऐवजी प्राणीच शुद्ध करण्याची पद्धत बसवली. क्लोरीनने निर्जंतुक केलेले, मग क्लोरीन काढून टाकलेले समुद्राचे पाणी टाक्यांत भरायचे आणि शिणाण्यांना त्यात ठेवायचे. जे गाळणे जंतू साठवते, तेच स्वच्छ पाण्यात ते बाहेरही टाकते. कॉन्वीचा व्यवसाय त्यामुळे वाचला. खाडी मात्र तशीच राहिली.

२६/ १९१५ च्या नियमांनी स्थानिक अधिकाऱ्यांना दूषित जागेवरील शिंपल्यांची विक्री रोखण्याचे अधिकार दिले. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच पाऊल. पण त्याचा अर्थ नीट पाहा : मैला सोडणाऱ्यावर बंदी नाही, मैल्यात सापडलेल्या मालावर बंदी. रोग टळला, पण भार पुन्हा त्याच खांद्यांवर आला. कॉन्वीच्या टाक्या आणि १९१५ चे नियम हे दोन्ही उपाय यशस्वी ठरले, आणि कदाचित त्या यशामुळेच समुद्र स्वच्छ करण्याची निकड कमी वाटू लागली.

२७/ आपल्याकडे पाहू. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सांडपाणी सोडण्याचे सर्वसाधारण निकष आहेत. नदी-तलावांसाठी बीओडीची मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम, समुद्रकिनाऱ्यासाठी १००. (आपल्या उष्ण हवेमुळे पाच दिवसांऐवजी तीन दिवस, २७ अंशांवर मोजणी.) ‘समुद्र मोठा आहे’ हे जुने गृहीतक या १०० च्या आकड्यात शाबूत आहे. मैलापाणी केंद्रांसाठीच्या २०१७ च्या अधिसूचनेत मात्र महानगरांना २० आणि इतरत्र ३० अशी मर्यादा आली, आणि विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणूंचाही निकष आला. एम्सवर्थने शिकवलेला धडा कागदावर उतरायला शंभरावर वर्षे लागली.

२८/ आणि खुद्द एम्सवर्थच्या परिसरात? आता गावाजवळ आधुनिक शुद्धीकरण केंद्र आहे. तरीही जुलै २०२१ मध्ये त्या भागातील सदर्न वॉटर या कंपनीला न्यायालयाने ९ कोटी पौंडांचा दंड केला. हॅम्पशायर, ससेक्स आणि केंटच्या किनाऱ्यांवर २०१० ते २०१५ या काळात हजारो वेळा बेकायदा मैलापाणी सोडल्याची कबुली कंपनीने दिली होती. बाधित पाण्यात शिंपले-कालवांची संरक्षित क्षेत्रेही होती. यंत्र असणे आणि यंत्र चालवणे यांत अंतर असते. ते अंतर भरून काढायला देखरेख लागते, आणि देखरेख करवून घ्यायला बोलणारी माणसे लागतात.

२९/ हा विषय मी का निवडला, तेही सांगते. माझ्या आजोळी ओहोटीला खडकांवर बायका बसलेल्या असत. हातातल्या लोखंडी हत्याराने शिंपला उघडायचा, आतले मांस वाटीत काढायचे. दोन-तीन तास वाकून काम केले की एका घराचे कालवण होई किंवा बाजारात चार पैसे मिळत. मागील वर्षी गेले, तेव्हा त्याच खडकांच्या वरच्या अंगाला नव्या वस्तीच्या गटाराचे तोंड उघडलेले दिसले. एक मावशी म्हणाल्या, “आता हितली कालवं आम्ही घरात नाय खात.” विकता का, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

३०/ फॉस्टरकडे कागद नव्हता, पण ताबा होता; म्हणून तो न्यायालयात उभा राहू शकला. त्या मावशींकडे सातबारा नाही, बांधलेली तळी नाहीत, इतरांना वगळणारा ताबाही नाही. आहे तो केवळ पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर. १९०६ च्या निकालाने मालकीपासून ताब्यापर्यंत एक पाऊल टाकले. ताब्यापासून वावरापर्यंतचे पुढचे पाऊल अजून टाकायचे आहे. खडकावर बसणाऱ्या बाईचे नुकसान ‘नुकसान’ म्हणून मोजले जाईल, तेव्हाच गटाराचे तोंड कुठे उघडायचे हे ठरवताना तिचीही आठवण ठेवली जाईल.

३१/ इतिहासात सांडपाण्याची प्रकरणे आपण सहसा वगळतो. राजे, लढाया, तह यांपुढे ती क्षुद्र वाटतात. पण एखाद्या समाजाने आपली घाण कुणाच्या दारात नेऊन टाकली, हा त्या समाजाच्या रचनेचा विश्वासार्ह पुरावा असतो. पुढच्या सुट्टीत किनाऱ्यावरच्या गावी गेलात, तर देऊळ आणि किल्ला पाहून झाल्यावर ओहोटीच्या वेळी एकदा गटाराचे तोंडही शोधा, आणि त्याच्या खालच्या अंगाला कोण बसले आहे ते पाहा. धागा येथे संपवते. काही चुकले असल्यास अवश्य दाखवावे. आपल्या गावच्या खाडीची हकिगत ठाऊक असल्यास खाली लिहावी. लोभ असावा.